सतरा नंबर, लोअर

या वृद्धाश्रमात सगळ्यात तरुण मी. वय सत्तेचाळीस. माझ्या एका बाजूच्या कॉटवर एकोणऐंशी वर्षांचे सैकिया मास्तर आहेत आणि दुसऱ्या बाजूला खिडकी. कोणाची कवळी कॉटखाली गेली, बल्ब उडाला, गरम पाण्याची बादली उचलायची असली, की मला हाक येते. मी जातो. मला इथं छान वाटतं.

हे शेवटचं वाक्य मी अगदी मनापासून बोलतोय. फक्त ते मीच लिहिलं होतं, आणि दुसऱ्यासाठी.

मी हर्षल भंगाळे, भुसावळचा. माझे वडील लीलाधर भंगाळे रेल्वेत टीसी होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. चौतीस वर्षं त्यांनी काळा कोट घातला. रिटायर झाल्यावर कोट कपाटात गेला, पण नाना काही कोटातून बाहेर आले नाहीत. घरात चार माणसं जमली की ते उभे राहायचे आणि कोण कुठे बसणार ते सांगायचे. जेवायला बसलेल्या पाहुण्यांना अर्ध्या पोळीवर उठवायचे, कारण मावशींना पाठ टेकायला भिंत पाहिजे आणि सर्दीवाला माणूस पंख्याखाली नको. वाईट हे, की त्यांचं म्हणणं बरोबर असायचं. जागा बदलल्यावर मावशींना खरंच बरं वाटायचं. पण आपल्याच घरात दिवसातून सहा वेळा उठून दुसरीकडे बसायला लागलं, की बरोबर असणाऱ्या माणसाइतकं डोक्यात जाणारं दुसरं काही नसतं.

माझी बायको मोनाली म्हणायची की मी सून नाही, वेटिंग लिस्ट आहे. मुलगी ईश्वरी नववीत गेली आणि तिला स्वतंत्र खोली हवी झाली. घरात खोल्या तीन. तिसरीत नाना.

वृद्धाश्रमाचा विषय आम्ही दोनदा काढून पाहिला. पहिल्यांदा नाना म्हणाले, "मला आरएसी करता होय?" आणि हसले. दुसऱ्यांदा हसलेसुद्धा नाहीत. आणि नवा कायदा असा, की म्हाताऱ्या माणसाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने 'मला इथं राहायचंय' म्हटल्याशिवाय कुठलाही आश्रम त्याला आत घेऊ शकत नाही. कायदा चांगला होता. म्हणूनच त्याच्यावर इलाज शोधणारी कंपनी निघाली.

कंपनीचं नाव शयनसेतू. लांबच्या गाड्यांना ती आपले खासगी स्लीपर डबे जोडायची. बाहेरून साधा डबा, करामत उशीत.

ती करामत तळेले मॅडमनी आम्हाला जळगावच्या ऑफिसात समजावून सांगितली. आपण गाढ झोपतो तेव्हा मेंदूत विजेच्या मोठ्या संथ लाटा उठतात. दिवसभरात कानावर आलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं त्या लाटांवर स्वार होऊन कच्च्या वहीतून पक्क्या वहीत जातं. काय ठेवायचं आणि काय पुसायचं ते तिथे ठरतं. आता लाट नेमकी वर चढत असताना कानाशी एखादं वाक्य हळूच म्हटलं, तर मेंदू ते बाहेरून आलंय असं धरत नाही. आपलंच आहे समजून पक्क्या वहीत चढवतो. उशीत लाटा मोजणारी जाळी असते आणि कवटीच्या हाडातून बोलणारी चकती. वाक्यं त्या माणसाच्या स्वतःच्या आवाजात बनवतात, कारण माणूस जगात सगळ्यांशी वाद घालतो, स्वतःशी घालत नाही.

मी विचारलं, मग रेल्वे कशाला? आमच्या घरी पलंग आहे.

मॅडम म्हणाल्या, घरचा पलंग डुलत नाही. पाळण्यातलं मूल का झोपतं? चार सेकंदांना एक हेलकावा या गतीने शरीर डुललं की त्या लाटा मोठ्या होतात आणि रेंगाळतात. डब्याखालच्या स्प्रिंगा तेवढ्याच हेलकाव्यावर बसवलेल्या असतात. वर सरबतातून सौम्य औषध. मात्र एका रात्रीत काही होत नाही. खोल रुजायला सलग चाळीस तास झोप लागते.

त्यामुळे झालं असं, की देशात जिथे जिथे रूळ संपतात तिथे तिथे वृद्धाश्रम उगवले. कन्याकुमारीला, ओख्याला आणि इकडे आसामात चहाच्या मळ्यांमध्ये. जितका लांब, तितका पक्का. आमचा आश्रम भुसावळपासून एक्केचाळीस तासांवर होता. एक तास वरकड मिळतोय म्हणून मोनाली खूश झाली.

फॉर्म आम्ही दोघांनी बसून भरला. पॅकेजं हरतऱ्हेची होती. आमच्याचं नाव 'समजूत', प्रकार 'कायम'. वाक्यं आपण द्यायची. मी लिहिलं: घर आता पोरांचं आहे, मी असलो की त्यांची अडचण होते. मला इथं छान वाटतं. घरच्यांवर माझा राग नाही. मोनालीने दोन घातली: चहा बिनसाखरेचा चालेल, मी आपणहून फोन करणार नाही, त्यांचा आला तर बोलेन. मग मॅडमनी विचारलं की उद्या कोणी न्यायला आलं तर यांनी काय म्हणावं? याचा आम्ही विचारच केला नव्हता. कोण येणार होतं न्यायला? तरी मी नानांच्या बोलण्याच्या धाटणीत लिहून दिलं: तू तुझं बघ रे, माझी काळजी करू नकोस.

सोबत जाणाऱ्याला एक पॅकेज फुकट होतं, 'मन हलकं'. कारण सोडून परत येणारे पुढे महिनाभर रडतात, चौथ्या आठवड्यात जाऊन म्हाताऱ्याला घेऊन येतात, आणि आश्रमाच्या कॉटा रिकाम्या पडतात. त्यातली वाक्यं तयारच होती. माझं काही चुकलं नाही. जे झालं ते सगळ्यांच्या भल्याचं झालं. शेवटी एक जादा कलम होतं, हवं तर टिक करा म्हणून: निरोप घेतल्यावर मागे वळून बघावंसं वाटू नये. मी टिक केलं.

राहिला नानांचा आवाज. आठ तासांचं बोलणं हवं होतं. मग मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की फोन खिशात चालू ठेवून त्यांच्यासमोर बसायचो आणि विचारायचो, नाना, नोकरीतलं काहीतरी सांगा. त्यांना आधी खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी ते दाढी करून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चहा करून ठेवला होता, माझ्या कपात दोन चमचे साखर. त्यांनी मला इटारसीला डब्यात झालेलं बाळंतपण सांगितलं, अख्ख्या वऱ्हाडाला एका कुप्यात कसं बसवलं ते सांगितलं. एकदा म्हणाले, "चार्ट वाचल्याशिवाय मी कधी गाडीत पाय ठेवला नाही. चार्टात सगळं असतं. कोण कोणाबरोबर चाललंय, कोण कोणाला टाकून चाललंय, सगळं कळतं." मी मान डोलावली. माझं लक्ष रेकॉर्डिंगची किती मिनिटं झाली त्यावर होतं.

आठ संध्याकाळी झाल्या. नवव्या संध्याकाळी ते दाढी करून बसले होते, आणि मी सरळ आत गेलो.

त्यांना सांगितलं होतं की आसाम फिरायला चाललोय. दुपारच्या गाडीला आमचा डबा लागला. नानांचा बर्थ सतरा नंबरचा लोअर, माझा त्याच्यावरचा एकोणीस नंबरचा अप्पर. दारापाशी पडद्यावर डब्याचा चार्ट होता. नाना तिथे चष्मा लावून बराच वेळ उभे राहिले. डब्याच्या अटेंडंट बाईंना त्यांनी विचारलं की या नावांपुढे हे काय लिहिलंय. दोघं बोलत होते. मी सामान चढवत होतो. म्हटलं, बोलू दे, जुन्या खात्यातला माणूस.

आत आले तेव्हा ते जरा दमल्यासारखे दिसले. थोडा वेळ सतरा नंबरवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

कंपनीच्या कॉम्प्युटरने जागा लाटांच्या मोजमापावर दिल्या होत्या. आई एका टोकाला, लेक दुसऱ्या. गुडघे गेलेल्या आजींना वरचा बर्थ. नाना डब्याच्या मधोमध गेले आणि म्हणाले, "हां, ताई, तुम्ही इकडे या. हेडमास्तर, तुम्ही यांच्या जागी. तुम्ही दोघं नवरा-बायको ना? मग लांब का?" गाड्यांतून टीसी जाऊन दहा वर्षं झाली होती. कोणी तरी आपल्याला नीट बसवतंय याचंच लोकांना इतकं कौतुक वाटलं, की एकाने विचारलं नाही की तुम्ही कोण. पाऊण तासात अख्खा डबा हलला. अटेंडंट बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, अशी शिस्त मी पहिल्यांदाच पाहतेय.

मी तोवर माझं सरबत प्यायलो होतो. डोळे मिटायला लागले होते. नाना जवळ आले आणि म्हणाले, "तू खालीच झोप. तुझी कंबर धरते. मी जातो वर, मला सवय आहे."

मला सतरा नंबर आठवत होता. पण माहितीपत्रकात लिहिलं होतं की उशी माणूस ओळखते. ती सोय पुढच्या वर्षीपासून येणार होती. सध्या उशी फक्त बर्थचा नंबर ओळखायची. नानांनी माझ्या अंगावर चादर घातली, पायाकडून खोचली. लहानपणी खोचायचे तशी.

मग एक्केचाळीस तास मी नानांचा आवाज ऐकला.

कंपनी म्हणते परक्याच्या आवाजाने निम्मंच काम होतं. असेल. पण बापाचा आवाज परका नसतो. चालायला लागल्यापासून हा आवाज मला इथे बस, तिथे झोप सांगत आलाय आणि दर वेळी बरोबर निघालाय. तोच आवाज म्हणत होता, घर आता पोरांचं आहे, मी असलो की त्यांची अडचण होते. मला इतकं पटलं की झोपेत रडू आलं.

शेवटच्या स्टेशनवर दिवे लागले आणि डबा जागा झाला. त्या फलाटावर जे झालं त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. अमरावतीच्या एका मुलाला स्थळ पसंत पडावं म्हणून घरच्यांनी आणलं होतं. त्याच्या बर्थवर सत्तर वर्षांचे विधुर हेडमास्तर झोपले होते, ते उतरल्या उतरल्या मुलीच्या वडिलांचा नंबर मागायला लागले. बिडी सुटण्याचं पॅकेज एका अशा काकूंना गेलं ज्यांनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता. सोडायची तर आधी ओढायला हवी म्हणून त्या हमालाकडे एक मागत होत्या. एका बाईंनी नवऱ्याचं लफडं माफ करावं अशी सोय होती. ती माफी एका पहिलवान फौजीला लागली. त्याने त्या नवऱ्याला फलाटावर मिठी मारून सांगितलं, "जाऊ द्या, माणसाकडून होतं." बाई बाजूला उभ्या होत्या, एकदम ताज्या, कारण त्यांच्या वाट्याला इंग्रजी संभाषणाचा कोर्स आला होता, आणि त्यांनी त्याच फलाटावर नवऱ्याला इंग्रजीत सोडलं.

मी कोणाकडे बघत नव्हतो. मला आश्रमात जायचं होतं.

आश्रमाचे मॅनेजर बरुआसाहेब गाडी घेऊन आले होते. त्यांच्या कागदावर लीलाधर भंगाळे, वय पंचाहत्तर असं होतं. मी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, मला इथं राहायचंय. बरुआसाहेबांनी कागद पाहिला, मला पाहिलं, नानांना पाहिलं. नियमांत कमीत कमी वय कुठे लिहिलेलं नव्हतं. असं कोणी करेल हे नियम करणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी त्यांनी 'आगाऊ प्रवेश' असा शेरा मारला. सोडायला आलेल्या नातेवाइकाच्या सहीच्या जागी नानांनी सही केली, टीसी करायचे तशी, एका झटक्यात.

जायच्या आधी त्यांनी खोली पाहिली. मला मधली कॉट मिळाली होती. नाना सैकिया मास्तरांना म्हणाले, "तुम्ही जरा इकडे सरका, याला खिडकी लागते." मास्तरांना मराठी येत नाही. तरी ते सरकले.

या गोष्टीला आता आठ महिने झाले.

यावर इलाज आहे, नाही असं नाही. परतीच्या गाडीत बरोबर बर्थवर उलटी वाक्यं ऐकवली की माणूस होता तसा होतो. कंपनीने सगळ्यांना कळवलं की प्रवाशांनी आपसात जागा बदलल्यास जबाबदारी आमची नाही, तरीही उलट प्रवास करून देऊ. निम्म्या डब्याने नको म्हटलं. हेडमास्तरांचा तर साखरपुडा झाला.

माझ्या बाबतीत मोनाली ठरवणार होती. ती रविवारी फोन करते. मी आपणहून करत नाही. सुरुवातीला ती खूप रडली, येत्या आठवड्यात येते म्हणाली. मग ईश्वरीची सहामाही आली. मग दिवाळीत गाड्या फुल होत्या. ईश्वरी माझ्या टेबलावर अभ्यास करते आणि नानांची खोली नानांकडेच आहे, कारण आता मोनाली आणि ईश्वरी एका खोलीत झोपतात आणि एक खोली ईश्वरीला अभ्यासाला उरतेच. नाना कोणाला उठवत नाहीत, बसवत नाहीत. मोनाली म्हणाली, "ते एकदम शांत झालेत रे. घरात इतकं छान चाललंय ना." मग तिच्या लक्षात आलं की ती कोणाशी बोलतेय, आणि तिने विचारलं की तिकडे थंडी आहे का.

मला राग आला नाही. तीही मीच सोय करून ठेवली होती.

परवा सकाळी नाना आले. साध्या गाड्या बदलत, जागे राहून, तीन दिवसांचा प्रवास करून. अंगात तो काळा कोट होता. आम्ही व्हरांड्यात बसलो. समोर डोंगरापर्यंत चहाचे मळे, आणि हातात बिनसाखरेचा चहा. नानांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

मग म्हणाले, "मी चार्ट वाचला होता, हर्षल."



त्यांनी सगळं सरळ सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच माणसाची गोष्ट सांगावी तसं. दारातल्या चार्टवर सतरा नंबरपुढे लिहिलं होतं, समजूत, कायम. त्यांच्या नावाचं परतीचं तिकीट नव्हतं, माझं होतं. माझ्या एकोणीसपुढे नुसतं 'मन हलकं' होतं, त्याने आपलं काय बिघडणार असं त्यांना वाटलं. उरलेलं अटेंडंट बाईंनी सांगितलं. तुला एकट्याला हलवलं असतं तर तुला शंका आली असती, ते म्हणाले. अख्खा डबा हलवला की एक माणूस कुठे गेला ते कोणी बघत नाही. त्यांना मला धडा द्यायचा होता, तोही दोन दिवसांचा. उतरल्यावर आश्रमाचं फाटक दाखवायचं, आपण लिहिलेलं आपल्याच तोंडून कसं येतं ते बघू द्यायचं, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने उलटं करून घरी आणायचं. त्यांनी गाडी सुटायच्या आधी फोनवरून दोन तिकिटं काढूनसुद्धा ठेवली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग तुझ्या बर्थवर झोपलो ना मी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक्केचाळीस तास तुझा आवाज. माझं काही चुकलं नाही, माझं काही चुकलं नाही. सकाळी उठलो. तू त्या कॅमेऱ्यासमोर उभा होतास. मला आठवत होतं की तुला परत न्यायचंय. पण का न्यायचंय, तेच काही केल्या आठवेना. जिथे काहीतरी तुटायला पाहिजे ना पोटात, तिथे नुसतं सपाट."

"आता?"

"आताही सपाटच. आलो ते कोट घालून आलो. म्हटलं कोट घातला की ड्यूटी तरी आठवेल." ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे कोरडे होते. "पोराला असं सोडून आलेल्या बापाला झोप लागायला नको. मला रोज नीट लागते."

माझ्याही आत काही हललं नाही. मी बघत होतो की आठ संध्याकाळी माझ्यासमोर दाढी करून बसणारा माणूस हा, आणि याला मी इथे टाकायला निघालो होतो. कळत सगळं होतं. राग नव्हता, त्यामुळे माफीही मागता येईना. दोन्ही एकाच खोलीत राहतात बहुतेक.

नानांनी कोटाच्या खिशातून परतीची दोन तिकिटं काढली. या वेळची. गाडी दुपारची होती, बर्थ बरोबर होते, वाक्यं त्यांनी स्वतः लिहून आणली होती. ती मला वाचून दाखवली नाहीत. तिकिटं माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "मला आतून काही वाटत नाहीये, हे तुला सांगून टाकतो. पण तू नुसतं हो म्हण. बाकी मी बघतो, तुला बसवणं माझं काम."

मी तोंड उघडलं. मला हो म्हणायचं होतं की नव्हतं ते मला आजही माहीत नाही, कारण जे बाहेर आलं ते आधीच तिथे ठेवलेलं होतं. माझ्या तोंडून नानांचा आवाज निघाला, नानांच्याच धाटणीत. त्यांना मी जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"तू तुझं बघ रे," मी म्हणालो, "माझी काळजी करू नकोस."

 नानांनी पेन काढलं आणि माझ्या तिकिटावर सवयीने एक आडवी रेघ मारली, न आलेल्या प्रवाशाच्या नावावर मारतात तशी. चहा संपवला. सैकिया मास्तरांना नमस्कार केला. माझी कॉट खिडकीपाशीच आहे ना ते आत जाऊन पाहून आले.

ते फाटकाकडे चालायला लागले. मी व्हरांड्यातून बघत होतो. फाटकापाशी ते थांबले, कोटाचं बटण लावलं. मला वाटलं, आता वळतील.

मग आठवलं. टिक मीच केली होती.